करारात बैलही आहेत

जलप्रलय ओसरल्यावर देवाने जो करार केला, त्यात नोहा एकटा नाही. संडेस्कूलमध्ये ही गोष्ट ऐकलेल्यांच्या मनात तारू, कबुतर, जैतुनाचे पान आणि ढगातले धनुष्य एवढेच बहुधा राहते. बायबलातल्या पहिल्या ग्रंथाचा, उत्पत्तीचा, नववा अध्याय पुन्हा उघडून सावकाश वाचावा. देव म्हणतो, हा करार तुमच्याशी आणि तुमच्या संततीशी आहे, आणि तुमच्याबरोबर तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी आहे. पाखरांशी, गुराढोरांशी, रानातल्या जनावरांशी. एकदा सांगून तो थांबत नाही. आठव्या वचनापासून सतराव्यापर्यंत तो हे इतक्या वेळा सांगतो की माणूस नेमके हेच विसरणार, याची त्याला खात्री असावी.

आणि आपण विसरलोच. अब्राहामाशी झालेला करार, सीनाय डोंगरावरचा करार, दाविदाला दिलेले वचन, प्रभुभोजनाच्या प्याल्यातला नवा करार, यांवर मराठवाड्यातल्या मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षे उपदेश होत आले आहेत आणि ते मी मनापासून ऐकले आहेत. पण या सगळ्यांच्या आधीचा, सगळ्यांत रुंद करार, ज्यात देवाने बैलाला आणि चिमणीला स्वतःहून पक्षकार करून घेतले, तो मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात जाऊन बसला. या विसराची किंमत दर हिवाळ्यात आपल्याच भागातली माणसे आणि जनावरे मोजतात, म्हणून हे लिहायला घेतले.

दसरा झाला की बीड, जालना, धाराशिव, परभणीकडची गावे ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कुणी ट्रकमधून जाते, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, कुणी आपली बैलजोडी घेऊन. ट्रॅक्टर वाढले, हार्वेस्टर आले, तरी कारखान्याची टायरगाडी ओढणाऱ्या जोड्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या आणि कर्नाटकातल्या रस्त्यांवर अजून दिसतात. अंधार असतानाच फडात उतरायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, मग कारखान्याची वाट धरायची. तिथे वजनकाट्याची रांग, गाडी खाली होईपर्यंत ताटकळणे, आणि कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, परत यायला रात्र. हे चार-पाच महिने. या कामाला सुट्टीचा वार नाही. कारखान्याचे गाळप थांबत नाही, म्हणून फड थांबत नाही, म्हणून कोयता थांबत नाही, आणि बैलाच्या खांद्यावर पुन्हा जू चढते. एक खाडा झाला तरी हिशेबात धरला जातो. बैलाला खांदेसूज आली, चालताना तो पाय झटकायला लागला, तरी उचल फिटलेली नसते. गाडीवान त्या खांद्याला हळद-तेल लावतो आणि सकाळी पुन्हा जुंपतो. त्याला बैलाची माया नाही असे कुणी म्हणू नये. त्याच्या हातात तेवढेच असते.

आता निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातले बारावे वचन वाचा. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी थांब. का थांबायचे, याचे कारण तिथे दिले आहे. तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, तुझ्या दासीच्या मुलाच्या आणि उपऱ्याच्या जिवात जीव यावा, म्हणून. हे वचन मी बीडच्या एखाद्या वस्तीत बसून वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. बैल, मजूर बाईचे पोर, परगावाहून पोटासाठी आलेला माणूस. ऊसतोडीच्या कोपीवर जे जे जीव राहतात, ते सगळे एका वाक्यात आहेत. आणि त्यांत बैल पहिला आहे.

आज्ञा कोणाला दिली आहे, हेही पाहायला हवे. बैल ज्याच्या कामाला जुंपला आहे त्या धन्याला ती दिली आहे. दासीला कुणी सांगत नाही की तू विसावा घे, कारण ती घेऊ शकत नाही. अनुवाद या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा बैल आणि गाढव नाव घेऊन येतात, आणि तिथे कारणही अधिक टोकदार होते. तू मिसर देशात दास होतास, हे आठव. ज्याच्या पाठीवर कधीकाळी दुसऱ्याचे ओझे होते, त्याने आता दुसऱ्याच्या पाठीवरचे ओझे सातव्या दिवशी उतरवायचे.

म्हणून माझे म्हणणे असे. ऊसतोडणीच्या हंगामात प्रत्येक टोळीला आणि प्रत्येक बैलजोडीला आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी मिळाली पाहिजे. ही मागणी मराठवाड्यातल्या मंडळ्यांनी, कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, उघडपणे केली पाहिजे. एखाद्या दानशूराने बैलांसाठी करावी अशी ही दया नव्हे. ज्या देवाचा शब्द आपण दर रविवारी वाचतो, त्याने जनावरांशी करार केला आहे आणि त्याच्या नियमशास्त्राने त्यांच्या विसाव्याचा हक्क लिहून ठेवला आहे.

आपल्या देशाचा कायदा याबाबत काय म्हणतो? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाला नऊ तासांहून अधिक जुंपायचे नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यायची, जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम घ्यायचे नाही. चांगले नियम आहेत. फेब्रुवारी संपता संपता फडातल्या उन्हात उभे राहिले की तिसरा नियम किती शहाणपणाचा आहे ते कळते. पण पहिल्या गुन्ह्याला मूळ कायद्यातला दंड पन्नास रुपयांपर्यंतच, आणि तोही वसूल करायचा झाला तर पडणार कोणावर, त्या गाडीवानावर. कारखाना आणि मुकादम नामानिराळे. धन्याला दिलेली आज्ञा आपण मजुराच्या गळ्यात घातली.

बैलाबद्दल आपल्या राज्यात चर्चा कमी झालेली नाही. २०१५ साली बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. शर्यतींसाठी २०१७ साली विधिमंडळाने केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती मान्य केली. बैलाचे मरण आणि बैलाची शर्यत यांवर मोर्चे निघाले, वकील उभे राहिले, निवडणुकांची भाषणे झाली. रोज ऊस ओढणाऱ्या बैलाच्या दिवसाबद्दल मात्र कुणाला बोलावेसे वाटले नाही, कारण तो ज्याच्याबरोबर चालतो त्या माणसाबद्दलही कुणाला बोलायचे नव्हते.

बैलाच्या आणि मजुराच्या विसाव्याची ताटातूट करता येत नाही, असेच बायबल सांगते, आणि याचा सगळ्यांत स्पष्ट दाखला मला लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात दिसतो. शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी येशू सभास्थानात आहे. अठरा वर्षे कंबरेत वाकलेली, मुळीच ताठ उभी राहू न शकणारी एक बाई तिथे येते. तो तिला बरी करतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, म्हणतो, कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा या. येशूचे उत्तर असे आहे की तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथाला आपला बैल किंवा गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेतो की नाही? मग अब्राहामाच्या या लेकीला हिच्या बंधनातून सोडवायला नको?

या उत्तरात येशू काय गृहीत धरतो ते नीट बघावे. बैलाला सोडून पाण्यावर नेणे बरोबरच आहे, याबद्दल त्याला वाद घालायचाच नाही. ते सगळ्यांना मान्य आहे आणि त्या मान्यतेवर पाय ठेवून तो वाकलेल्या बाईचा हक्क मांडतो. बैलाचा हक्क काढून घेतला तर बाईच्या बाजूचा युक्तिवादच कोसळतो. आणि ती बाई वाकलेली आहे. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या, दिवसभर ओणव्याने ऊस तोडणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्या वेळी बायकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. एक दिवस हक्काने बसता येत नाही म्हणून शरीराचा अवयव काढून टाकावा लागतो, अशा ठिकाणी शब्बाथ हा शब्द नुसता उच्चारायलाही धाडस लागते.

पौलाचे नाव घेऊन एक आक्षेप नेहमी येतो. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, ही अनुवादातली आज्ञा सांगून पौल करिंथकरांना विचारतो, देवाला काय बैलांची काळजी आहे? हे आपल्यासाठीच लिहिले नाही का? या एका प्रश्नावर शतकानुशतके बोट ठेवून सांगितले गेले की जनावरांबद्दलच्या आज्ञा खरे तर माणसांसाठी आहेत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याच्यासारख्या थोर विद्वानानेही जनावरांशी क्रूरपणे वागू नये, कारण त्यातून माणसांशी क्रूर वागायची सवय लागते, अशी मांडणी केली. मला ही मांडणी अपुरी वाटते. पौल ज्या प्रकरणात हे लिहितो ते सगळे मेहनत करणाऱ्याच्या मोबदल्याबद्दल आहे. खळ्यावर पाय ओढणाऱ्या बैलालाही तोंडभर कणसे खायचा हक्क असेल तर राबणाऱ्या माणसाला किती अधिक असेल, असा तो चढता युक्तिवाद आहे. बैलाला हक्कच नसेल तर पुढचे काहीच सिद्ध होत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हेच बैलाचे वचन आणि कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हे वचन एकाला एक लागून येते. दोन्ही हक्क एका दोरीने बांधलेले आहेत, एक तोडला की दुसरा सुटून जातो.

दुसरा आक्षेप सत्तेचा. देवाने माणसाला समुद्रातले मासे, आकाशातली पाखरे, गुरेढोरे यांच्यावर सत्ता दिली, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. आहे, पण त्याच्या लगेच पुढच्या दोन वचनांत माणसाचे आणि जनावरांचे अन्न ठरवून दिले आहे, आणि ते दोघांचेही वनस्पती आहे. म्हणजे ज्या जगात मारून खाण्याची परवानगीच नव्हती त्या जगात ही सत्ता दिली गेली. मांसाची परवानगी नोहाला, पुरानंतर मिळाली. त्या परवानगीबरोबरच देव म्हणतो की आता सगळ्या जनावरांना तुमची भीती वाटेल, धाक वाटेल. मला हे वचन नेहमी दुःखाचे वाटत आले आहे. आमच्याकडे नाताळात बोकड कापला जातो, मीही त्या पंगतीत बसतो, आणि मांस खाणे पाप आहे असे मी इथे म्हणत नाही. परवानगी आहे. पण रक्तासह खाऊ नको, रक्त म्हणजे जीव आहे, अशी मर्यादाही त्याच श्वासात आहे, आणि लगेच पुढे माणसाचे रक्त सांडणाऱ्याकडून मी हिशेब घेईन असेही आहे. जनावराच्या नावाखाली रस्त्यात माणसाला ठेचून मारणाऱ्यांनी हा अध्याय पूर्ण वाचावा. जनावरांना सामावून घेणारा करार आणि माणसाच्या रक्ताचा हिशेब मागणारा देव यांच्यामध्ये तिथे दोन-तीन वचनांचे अंतर आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो गरिबांच्या बाजूने येतो. माणसांचे हाल चालले असताना बैलांचे काय घेऊन बसलात? कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही, जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे म्हटल्यावर, माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा जनावरांवर उधळू नये असे बजावले आहे. शहरातल्या श्रीमंत घरांबाबत ते खरे असेल. मराठवाड्यात माणूस आणि जनावर अशी दोन ताटे मांडलेलीच नाहीत. २०१९ च्या दुष्काळात बीडच्या चारा छावण्यांमध्ये माणसे महिनोन्‌महिने आपल्या गुरांजवळच राहिली, तिथेच जेवली, तिथेच झोपली. योएल संदेष्टा दुष्काळाचे वर्णन करतो त्यात गुरे कण्हतात, चारा नाही म्हणून कळप सैरभैर होतात, ओढे आटले म्हणून रानातले पशू देवाकडे बघून धापा टाकतात. ज्याने १९७२ पाहिले आहे किंवा २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिले आहे, त्याला योएल समजावून सांगावा लागत नाही. होशेयही तेच सांगतो. देशात सत्य नाही, दया नाही, म्हणून भूमी शोक करते आणि रानातले पशू, आकाशातली पाखरे, समुद्रातले मासेसुद्धा नाहीसे होतात. करार माणसाने मोडला, मेले सगळे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बैल आणि गाढवाच्या विसाव्याचे निर्गमातले हेच वचन घेतले आहे, ते उगीच नाही.

आमच्या मंडळ्यांचा स्वतःचा इतिहासही या बाजूनेच बोलतो. एकोणिसाव्या शतकात मिशनरी नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे आणि पुढे मराठवाडाभर ख्रिस्ताकडे आलेली बहुसंख्य कुटुंबे मातंग आणि महार समाजांतली. आमच्या पूर्वजांचा जनावरांशी संबंध कसला होता? एकाने बैलासाठी कासरा, वेसण, दावे वळायचे, दुसऱ्याने मेलेले ढोर ओढायचे. बैल जिवंत असताना दोर आमचा आणि मेल्यावर देह आमचा, मधले सगळे आयुष्य पाटलाचे. डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, ते माणसाच्या मानासाठी, आणि ते योग्यच होते. ज्यांच्या आज्याला बैलासारखे राबवले गेले त्यांनी बैलाच्या राबण्याकडे पाठ फिरवावी, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. तू दास होतास हे आठव, ही अनुवादातली हाक मराठवाड्यातल्या कोणाला लागू असेल तर ती आम्हाला आहे.

पोळ्याचेही इथे सांगायला हवे. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून त्याला म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पोळ्याच्या दिवशी कुणी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. बऱ्याच उपदेशकांनी पूजेच्या कारणाने ख्रिस्ती शेतकऱ्यांना पोळ्यापासून दूर ठेवले. आमच्या घरी पूजा नव्हती, पण त्या दिवशी बैल जुंपलेही जात नव्हते, आणि वडिलांना त्यात विश्वासाला बाधा येते असे कधी वाटले नाही. मलाही वाटत नाही. शेजाऱ्यांच्या या सणात शब्बाथाची अर्धी आज्ञा पाळली जाते. अडचण एवढीच की पोळा श्रावणाच्या शेवटी येतो आणि ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीनंतर. ज्या महिन्यांत विसाव्याची खरी गरज आहे त्यांत बैलाला आवतण द्यायला कुणी नाही.

कारखाना एक दिवस बंद ठेवणे परवडत नाही, असे सांगतील. बंद ठेवायला कुणी सांगितलेही नाही. कारखान्याच्या आत काम करणाऱ्या कामगाराला १९४८ च्या कारखाने कायद्यापासून साप्ताहिक सुट्टी आहेच, आणि ती पाळीपाळीने देऊन गाळप अखंड चालते. आतल्या माणसाला जमते ते बाहेरच्या टोळीला का जमू नये? टोळ्यांच्या सुट्टीचे वार वाटून द्यावेत. सुट्टी पगारी हवी, कारण टनावर मजुरी मिळणारा माणूस बिनपगारी सुट्टी घेणार नाही, आणि घेतली तरी उचलीच्या व्याजात ती बुडेल. बैलाला त्या दिवशी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि पाणी फुकट मिळावे आणि जनावरांचा डॉक्टर तळावर यावा. हे करायला नवीन शोध लागायला नको.

चर्चच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. १९७७ पासून औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) कॅथलिक धर्मप्रांत आहे, प्रोटेस्टंट मंडळ्या त्याहून कितीतरी जुन्या आहेत. मजूर जिथून निघतात तिथे आपण आहोत, आणि जिथे जातात त्या मिरज, सांगली, कोल्हापूर भागातही जुन्या मंडळ्या आणि दवाखाने आहेत. कापणीच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे आणि ऊस ठेवून आपण देवाचे आभार मानतो. त्या उसाला कोणाचे खांदे लागले ते त्याच दिवशी व्यासपीठावरून सांगता येईल. उत्पत्तीचा नववा आणि निर्गमाचा तेविसावा अध्याय हंगामाला निघणाऱ्या कुटुंबांबरोबर बसून वाचता येईल. ऊसतोडणीचे दर ठरवायला साखर संघ आणि कामगार संघटना वाटाघाटीला बसतात, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळ्यांचे एक निवेदन तिथे पोहोचायला हवे. त्यात बैलजोडीच्या सुट्टीचे आणि कोयत्याच्या सुट्टीचे कलम वेगवेगळे लिहू नये. एकाच कलमात, एका वाक्यात लिहावे, म्हणजे घासाघीस करताना एक देऊन दुसरे काढून घेता येणार नाही.